स्वेर्रे की ब्येल्बो: आधी कोणतं घराणं वाचावं?

मध्ययुगीन स्कँडिनेव्हियाची सुरुवात नॉर्वेच्या स्वेर्रे घराण्यापासून करू की स्वीडनच्या ब्येल्बोपासून, असं भाचीने विचारलं.

उदय पाहिला तर स्वेर्रेच सरस. घराण्याचा मूळपुरुष स्वेर्रे हा फॅरो बेटांवर वाढलेला. तो स्वतःला राजपुत्र म्हणवत असे, ते बाजूला ठेवू. पायांना भूर्जाची साल गुंडाळणाऱ्या बंडखोरांना घेऊन ११८४ मध्ये फिम्रेइतेच्या आरमारी लढाईत त्याने नॉर्वेचा तेव्हाचा राजा माग्नुस याला संपवलं. ब्येल्बोंकडे सत्ता आधीच होती. बिर्येर यार्लचा (यार्ल म्हणजे राजाखालोखालचा सरदार) अल्पवयीन मुलगा वाल्देमार १२५० मध्ये राजा झाला, इतकंच.

साधनं? स्वेर्रेची गाथा त्याच्याच देखरेखीखाली लिहायला घेतलेली, म्हणून जपून वाचावी.

अस्त मात्र ब्येल्बोंचा चटका लावतो. १३१७ मध्ये न्यूशोपिंगला मेजवानीला बोलावून राजा बिर्येरने (बिर्येर यार्लचा नातू) आपले दोन सख्खे भाऊ कैद केले. ते कोठडीतच मेले. त्यांतल्या एरिकचा तीन वर्षांचा मुलगा माग्नुस १३१९ मध्ये स्वीडनचा राजा झाला, आणि नॉर्वेचाही! कारण त्याचा आजा, स्वेर्रे वंशातला होकोन पाचवा, मुलगा नसताना वारला होता. पुढे १३८७ मध्ये या माग्नुसचा सोळा वर्षांचा नातू उलाव गेला आणि ब्येल्बोंची राजशाखाही खुंटली.

एका माणसाची जिद्द पाहायची असेल, तर स्वेर्रे. भाऊबंदकी आणि कालमार संघाची (डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन एका राजसत्तेखाली आणणारा संघ) पार्श्वभूमी समजून घ्यायची असेल, तर ब्येल्बो. भाचीला मी ब्येल्बोच सुचवलं.