इंदूरमध्ये वापरलेली ऑडी क्यू ७ : सामायिक सांगाडा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा

दुसऱ्या पिढीची डिझेल ऑडी क्यू ७ आम्ही जुन्या गाड्यांच्या बाजारातून घेतली आणि ती घेतल्याचे समाधान मला आजही आहे. ही गाडी घ्यावी, असेच मी विचारणाऱ्यांना सांगतो. मात्र ती पारखण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत आपल्या सवयीच्या गाड्यांपेक्षा वेगळी आहे, आणि इंदूरसारख्या शहरात खरा प्रश्न तिथेच येतो.

पीथमपूरच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेली आमच्या ओळखीची मंडळी गाडी पाहिल्यावर हमखास विचारतात, की हिचा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा मूळ पाया, फोक्सवॅगनच्या टुआरेगशी सामायिक आहे, तर मग जास्तीचे पैसे कशाचे? प्रश्न रास्त आहे. ‘एमएलबी इव्हो’ या प्लॅटफॉर्मवर सर्वांत आधी, २०१५ साली, हीच क्यू ७ आली. पुढे त्याच पायावर बेंटलीची बेंटायगा, पोर्शची तिसऱ्या पिढीची कायेन, लॅम्बोर्गिनीची उरूस आणि टुआरेगही उभी राहिली. क्यू ७, कायेन आणि टुआरेग या तिघींचे उत्पादन स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हाच्या एकाच कारखान्यात झाले, तर भारतातील क्यू ७ची जुळणी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला होते. प्लॅटफॉर्म सामायिक असणे म्हणजे इंजिन लांबीच्या दिशेने बसवण्याची पद्धत, पुढच्या-मागच्या चाकांची जोडणी आणि विजेच्या यंत्रणेची मांडणी यांवर एकदाच मोठा खर्च करून तो अनेक गाड्यांत वाटून घेणे. त्यामुळे क्यू ७चा ग्राहक बेंटायगाच्या तुलनेत फार कमी किमतीत त्याच मूळ अभियांत्रिकीचा धनी होतो. माझ्या मते यात कमीपणा नाही, उलट हा या गाडीचा सर्वांत मोठा लाभ आहे.

दुसरा लाभ वजनाचा. आधीच्या पिढीपेक्षा ही गाडी ३२५ किलोपर्यंत हलकी झाल्याचे ऑडीने जाहीर केले होते, आणि त्यापैकी ७१ किलो एकट्या सांगाड्यातून कमी झाले. १९९४च्या ए ८मध्ये ऑडीने जवळजवळ सगळा सांगाडा ॲल्युमिनियमचा केला होता आणि २०१२च्या रेंज रोव्हरनेही तोच मार्ग धरला; क्यू ७मध्ये मात्र माणसे बसतात त्या भागाच्या कण्याला अतिशय मजबूत पोलाद, आणि दारे, बॉनेट, पुढचे मडगार्ड व डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे, अशी मिश्र रचना आहे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या एक तृतीयांश असली, तरी त्याचा ताठरपणाही त्याच प्रमाणात कमी असल्यामुळे पत्रा जाड घ्यावा लागतो, आणि म्हणून प्रत्यक्ष बचत कागदावर वाटते त्याहून कमी होते. तरीही फरक जाणवतो. खंडव्याच्या रस्त्यावरील भेरूघाटाच्या वळणांवर एवढी मोठी गाडी ज्या विश्वासाने दिशा बदलते आणि ६०० न्यूटन मीटर टॉर्कचे (चाके फिरवणाऱ्या जोराचे) तीन लिटरचे इंजिन तिला ज्या सहजतेने चढावर ओढते, ते जुन्या क्यू ७मध्ये बसलेल्या माणसाला लगेच कळेल.

आतील बैठक, शांतता आणि एअर सस्पेन्शन उत्तम आहे. तिसरी रांग लहान मुलांपुरतीच समजावी. जवळपास दोन मीटर रुंदीची ही गाडी राजवाडा आणि सराफ्याच्या बाजूला नेऊच नये.

आता पत्र्याविषयी सविस्तर लिहितो. जुनी गाडी घेताना आपल्याकडे दारांवरून लोहचुंबक फिरवून पुट्टी (पोचा बुजवण्याचा लेप) भरली आहे का, ते पाहण्याची पद्धत आहे. क्यू ७च्या दारांना लोहचुंबक मुळातच चिकटत नाही, त्यामुळे ही तपासणी येथे निरुपयोगी ठरते, आणि कोरी करकरीत गाडीही लोकांना संशयास्पद वाटते. रंगाच्या थराची जाडी मोजणारे, ॲल्युमिनियमवरही चालणारे उपकरण असलेला तपासनीसच सोबत न्यावा आणि शेजारशेजारच्या भागांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. एखाद्या दाराचा आकडा बाकीच्यांच्या दुपटीने आला, तर तिथे काम झालेले आहे असे समजावे.

आमच्या मागच्या दाराला पार्किंगमध्ये पोचा आला तेव्हा शहरातील एका डेंटिंगवाल्याने नेहमीच्याच हातोडीने आणि त्याच ग्राइंडरने काम करण्याची तयारी दाखवली. आम्ही गाडी परत आणली. ॲल्युमिनियम ठोकत गेले, की ते कडक होते आणि चिरते, पोलाद जसे मूळ आकाराकडे सहज परतते, तसे ते परतत नाही. शिवाय पोलादाची कीस त्यात रुतून राहिली, तर पावसाळ्याच्या ओलाव्यात त्या दोन धातूंच्या स्पर्शातून गंज सुरू होतो आणि रंगाखाली फोड येतात. म्हणून या कामासाठी हत्यारे स्वतंत्र लागतात, जागाही पोलादाच्या कामापासून आडोसा घालून वेगळी काढावी लागते, आणि सांगाड्याचा भाग बदलायचा असेल, तर साधे वेल्डिंग न करता मूळ पद्धतीप्रमाणे रिव्हेट आणि विशेष चिकटद्रव्य वापरावे लागते. आम्ही शेवटी दार अशा वेगळ्या खोलीतच दुरुस्त करून घेतले. खर्च बराच अधिक झाला, पण पत्रा नीट बसला आहे आणि रंगातही फरक दिसत नाही.

तेव्हा सौदा ठरवण्याआधी जवळच्या वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष जाऊन ॲल्युमिनियमची स्वतंत्र खोली पाहून घ्यावी, एका दाराच्या बदलीचा अंदाज लेखी मागावा, आणि विम्यात झीरो डेप्रिसिएशनचे (बदललेल्या भागांच्या भरपाईतून झिजेची रक्कम न कापण्याचे) कलम त्या गाडीच्या वयाला मिळते का, हे विचारावे. ही तिन्ही उत्तरे समाधानकारक आली, तर सर्व्हिसची पूर्ण नोंद असलेली डिझेल क्यू ७ निःशंकपणे घ्यावी.