नेपाळ की केनिया?

लातूरची भाची डी.एड. झाली. आता महिनाभर परदेशातल्या शाळेत लेकरांना शिकवायचंय. मामा, नेपाळ की केनिया? माहितीपत्रकांतले हसरे फोटो मी बाजूला सारले.

खर्चाचं सरळ आहे. नेपाळला व्हिसा नाही, विमानानं गेलीस तरी मतदार ओळखपत्र चालतं, आपले 100 रुपये तिथले 160. केनियाचं तिकीट महाग, ऑनलाइन परवानगी काढा, शिवाय भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीचा दाखला लागतो. लस घेतल्यावर 10 दिवसांनी तो लागू होतो.

खरी गंमत भाषेत. नेपाळी देवनागरीत, म्हणजे फळ्यावरचं वाचशील, कळेलच असं नाही. केनियात इंग्रजीवर भागतं. पण स्वाहिलीत सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला! दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. पहिल्या आठवड्यात शाळेला उशीर ठरलेला. जेवण? नेपाळात डाळभात, केनियात उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. (ज्वारीची भाकर विसर बाई.)

शाळेत नेमकं काम काय, हे दोन्हीकडे आधी लेखी घे.

पहिल्यांदाच एकटी निघालीस, पैसा बेताचा, तर नेपाळ. गाठीला शिल्लक असेल, इंग्रजी बोलायला कचरत नसशील, तर केनिया.