जुन्या फ्लॉपीतला डेटा: यूएसबी ड्राइव्ह, ग्रीझवीझल की लॅब?

यूएसबी ड्राइव्ह, ग्रीझवीझल नावाचा बोर्ड किंवा डेटा काढून देणारी लॅब, यांपैकी काहीही निवडा, आधी साडेतीन इंची फ्लॉपीचं शटर सरकवून, मागची धातूची चकती बोटाने फिरवत आतली तबकडी दोन्ही बाजूंनी बघा. पांढुरके डाग म्हणजे बुरशी. तशीच घातलीत तर ड्राइव्हचं हेड घाण होतं आणि पुढच्या धडधाकट फ्लॉपीलाही ओरखडे पडतात. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही.

यूएसबी ड्राइव्ह सगळ्यात सोपा, पण तो फक्त साडेतीन इंची, त्यातही बहुधा पीसीच्या १.४४ एमबी आणि ७२० केबीच्या फ्लॉप्या वाचतो. अमिगा या जुन्या संगणकाच्या किंवा जुन्या मॅकच्या ८०० केबीच्या फ्लॉपीपुढे तो हात टेकतो. तेव्हा विंडोज ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारतं. नाहीच म्हणा, डेटा शाबूत असूनही हा प्रश्न येतो.

माझा कौल ग्रीझवीझलला. हा छोटा बोर्ड तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो. त्यांचा अर्थ सॉफ्टवेअर नंतर लावतं. त्यामुळे आज एखादा सेक्टर (तबकडीवरचा डेटाचा छोटा तुकडा) उलगडला नाही, तरी टिपलेल्या फाइलवरच पुन्हा प्रयत्न करता येतो, जर्जर फ्लॉपी परत फिरवावी लागत नाही. सव्वापाच इंची, अमिगा, मॅक, सगळं चालतं. मात्र ३४ पिनांचा खरा जुना ड्राइव्ह मिळवावा लागतो आणि कमांड लाइनची थोडी सवय हवी. दोन-चारच साध्या फ्लॉप्या असतील तर एवढी खटपट नको.

लॅब महाग. बुरशी लागलेली एकमेव प्रत असेल तर तिकडेच जा. फ्लॉपीऐवजी जुनी हार्ड डिस्क असेल आणि ती टकटक करत असेल तर लगेच वीज तोडा, झाकण उघडू नका, थेट लॅब गाठा. शांतपणे फिरत असेल तर आयडीई-यूएसबी अडॅप्टर (जुनी डिस्क यूएसबीला जोडणारा) आणि डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर पुरे: ते सोपा भाग आधी उचलतं, राहिलेल्याची नोंद ठेवतं आणि मग खराब जागांकडे वळतं. त्याआधी विंडोजमधल्या चेकडिस्कची दुरुस्ती मुळीच चालवू नका, ती मूळ डिस्कवरच लिहिते.

सीडी-आर एका ड्राइव्हने नाकारली तर दुसऱ्यात घालून बघा, पुष्कळदा चालते.

फाइल निघाल्यावरही जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मराठी मजकूर अगम्य चिन्हांसारखा दिसेल. फाइल बिघडलेली नसते. मूळ फॉन्ट किंवा त्याचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो. म्हणून त्याच फ्लॉप्यांवर फॉन्टच्या फाइल दिसल्या तर त्याही उचलून ठेवा.