हात धुतल्याची नोंद ठेवणारी यंत्रणा: अतिदक्षता विभागातील 6 महिन्यांचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील एका खासगी रुग्णालयात मी संसर्ग नियंत्रण परिचारिका आहे. आमच्या 12 खाटांच्या अतिदक्षता विभागात 6 महिन्यांपूर्वी एक डिजिटल यंत्रणा बसवण्यात आली. प्रत्येक खाटेजवळ सेन्सर असलेला सॅनिटायझरचा पंप, कर्मचाऱ्यांच्या छातीवर बॅज आणि सिस्टरांच्या टेबलावर नोंदींचा टॅबलेट, असे तिचे स्वरूप आहे.

पूर्वी ही तपासणी मी फॉर्म हातात धरून करीत असे. मी उभी आहे हे दिसताच सर्वांचे हात आपोआप स्वच्छ होत आणि मी चहाला गेले की पुन्हा मूळ पदावर येत. यंत्र चहाला जात नाही, त्यामुळे पहाटेच्या पाळीत खरे काय घडते ते प्रथमच कळले, हा मोठाच लाभ आहे.

मात्र पंप दाबला गेला एवढेच यंत्राला समजते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या हातांच्या स्वच्छतेच्या 5 क्षणांपैकी रुग्णाजवळ जाणे आणि तेथून निघणे हे त्याला कसेबसे ओळखता येते. निर्जंतुक प्रक्रियेपूर्वीचा क्षण मात्र त्याच्या नजरेतून सुटतो. एका सकाळी निवासी डॉक्टरांनी सॅनिटायझर चोळले, बॅजचा दिवा हिरवा झाला, मग त्यांनी खिशातला मोबाइल काढून पाहिला, परत ठेवला आणि त्याच हाताने सेंट्रल लाइनची, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची, थ्री-वे तोटी उघडली. टॅबलेटवर ती नोंद निर्दोष होती. याउलट, जुलाब होणाऱ्या रुग्णाचे डायपर बदलून मावशी साबणाने हात धुण्यासाठी बेसिनकडे गेल्या, जे अगदी योग्य होते, कारण क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. पण बेसिनला सेन्सर नसल्याने त्यांच्या नावापुढे लाल खूण उमटली. ‘सिस्टर, मी हात धुतले तरी हे लालच कसं?’ या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बेसिनच्या सेन्सरसाठी पुरवठादार वेगळे पैसे मागतो.

या यंत्रणेचा माझ्या मते सर्वांत उपयुक्त भाग टॅबलेटमध्ये आहे, जरी विक्रेत्याने दाखवताना त्याचा जेमतेम उल्लेख केला होता. सेंट्रल लाइनच्या संसर्गाचा दर दर 1000 लाइन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन असणे म्हणजे एक लाइन-दिवस) काढतात. ते दिवस मोजण्यासाठी रात्रपाळीच्या सिस्टर रजिस्टरमध्ये लाइन आणि कॅथेटर यांची गणती करीत आणि धावपळीच्या रात्री एखादी हमखास राहून जाई. आता लाइन टाकताना एकदा नोंद केली की दिवस आपोआप मोजले जातात आणि रोज सकाळच्या राउंडला ‘हिची अजून गरज आहे का?’ हा प्रश्न समोर येतो, ज्याचे उत्तर डॉक्टरांनी दिल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. केवळ सवयीने राहिलेल्या लाइन आता लवकर निघतात.

ॲप पूर्णपणे इंग्रजीत आहे, ही मावशी आणि वॉर्डबॉय यांची रास्त तक्रार आहे. पहिल्या आठवड्यात व्यवस्थापनाने नावानिशी टक्केवारी फलकावर लावली, तेव्हा निम्मे बॅज ड्रॉवरमध्ये सापडले. नावे काढल्यावर ते पुन्हा छातीवर आले.

कराराच्या नूतनीकरणासाठी मी दोन अटी लेखी दिल्या आहेत: बेसिनचा सेन्सर त्याच किमतीत मिळावा आणि पडद्यावरील सूचना मराठीत असाव्यात. त्या मान्य न झाल्यास पंप आणि बॅज परत करून केवळ टॅबलेटची सेवा ठेवावी, अशी माझी शिफारस आहे.