मागच्या दाराची काच आणि आप्पांच्या नावावरचा खोटा क्लेम

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाच्या गाडीची काच फुटली आणि कुणी "इन्शुरन्समध्ये फुकट बसवून देतो" म्हणालं, तर होकार देण्याआधी हे वाचा. आमच्या आप्पांची जी फसवणूक झाली, तिच्यात काचेचे पैसे ही सगळ्यात लहान गोष्ट होती. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या नावावर विमा कंपनीकडे खोटा क्लेम दाखल झाला, आणि तो आपण केलेला नाही हे सिद्ध करायची पाळी त्यांच्यावरच आली. तक्रार चालू असल्यामुळे गॅरेजचं, एजंटचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. पण पद्धत पूर्ण सांगतो, कारण हीच पद्धत उद्या दुसऱ्याच्या दारात उभी राहणार आहे.

जांबोटी रस्त्यावर समोरून येणाऱ्या टिपरच्या चाकाखालून दगड उडाला आणि उजव्या बाजूच्या मागच्या दाराची काच फुटली. आत कुणाला लागलं नाही. समोरची काच दोन थरांमध्ये पातळ पडदा घालून केलेली असते, ती तडकली तरी जागेवर राहते. दाराच्या काचा मात्र टफन्ड असतात. एक घाव बसला की सगळ्या काचेचे बारीक खडे होतात. त्यामुळे इथे दुरुस्ती नसते, पूर्ण काचच बदलावी लागते. आप्पांनी प्लॅस्टिकचा कागद टेपने चिकटवला आणि ज्याने पॉलिसी काढून दिली होती त्या एजंटला फोन केला. त्याने बेळगावातल्या एका गॅरेजचा पत्ता दिला. पावसाचे दिवस होते. खानापूरकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की अशी गाडी आठवडाभर दारात ठेवता येत नाही.

गॅरेजवाला बोलायला गोड. "गुरुजी, इन्शुरन्स हाय न्हवं? मग खिशातले पैसे कशाला घालतासा? काचेला घसारा न्हाई, शंभर टक्के पास होतंय. तुम्ही काळजी करू नकासा."

घसारा म्हणजे भाग जुना झाला म्हणून कापली जाणारी रक्कम. यातलं घसाऱ्याचं वाक्य खरं आहे, म्हणूनच माणूस पुढच्या सगळ्यावर विश्वास ठेवतो. साध्या सर्वसमावेशक (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या) पॉलिसीतही काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत. त्यासाठी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं वेगळं कव्हर, लागत नाही. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. पण काचेचे सगळे पैसे हातात पडतात असा त्याचा अर्थ होत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममधले पहिले १००० रुपये आपण भरायचे असतात, त्यावरच्या गाडीला २०००. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. बोनस जाण्याबद्दल गॅरेजवालाही बोलला नाही, एजंटही बोलला नाही.

आप्पांकडून गॅरेजवाल्याने दोन ठिकाणी सह्या घेतल्या. एक क्लेम फॉर्म, इंग्रजीत, मजकूर "आम्ही भरून घेतो" असं सांगून. दुसरा कागद काम समाधानकारक झाल्याचा, आणि तो काम सुरू होण्याआधीच. आरसी, लायसन्स आणि पॉलिसीच्या झेरॉक्स घेतल्या. १००० रुपये नियमाचे आणि १५०० रुपये "फाईल चार्ज". पहिली रक्कम खरी आहे. फाईल चार्ज नावाची कुठलीही रक्कम विम्याच्या नियमांत नाही. क्लेम नोंदवायला कंपनी एक पैसाही घेत नाही. पुढे खानापुरातल्या मेस्त्रीने चांगली काच, रबर आणि मजुरी धरून २६०० रुपयांत काम केलं. म्हणजे फुकटच्या कामाला २५०० लागले होते, आणि रोख काम झालं असतं २६०० मध्ये.

गाडी परत आली तेव्हा त्या काचेवर काळी फिल्म होती. "फ्री मारून दिलंय गुरुजी." आप्पांनी ती तिथेच काढायला लावली आणि ते फार बरं झालं. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली, आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे हा मोटार वाहन नियम आहे. पोलिसांचा दंड तर झालाच असता. पण फिल्म निघाल्यावर दिसलं की काचेचा रंग बाकीच्या तीन दारांशी जुळत नाही आणि कोपऱ्यात एकही छाप नाही. चांगल्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव, आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा मानकाचा क्रमांक असतो, कंपनीच्या मूळ काचेवर गाडीच्या ब्रँडची खूणही असते. आपल्याच गाडीच्या दुसऱ्या दाराची काच बघा, लगेच समजेल. विचारल्यावर उत्तर आलं, "आफ्टरमार्केटला छाप नसतोय." खोटं आहे. आफ्टरमार्केटची, म्हणजे गाडीच्या कंपनीबाहेरची, काचही मानकाप्रमाणे असेल तर तिच्यावर छाप असतो.

मोठा पाऊस झाला तेव्हा मागच्या सीटखाली पाणी आलं. साठच्या पुढे गाडी गेली की दारातून शिट्टी वाजायची. खानापूरच्या मेस्त्रीने दाराचं पॅड उघडलं, मी तिथेच उभा होतो. जुन्या काचेचे खडे तसेच तळाला पडलेले. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात, ती खड्यांनी आणि चिखलाने बुजलेली, आत पाणी साठून पत्रा गंजायला लागलेला. काच चॅनेलमध्ये नीट बसवण्याऐवजी सिलिकॉनने चिकटवलेली, पॅडच्या क्लिपा तुटलेल्या. मेस्त्री वैतागून म्हणाला, "हे काम न्हवं ओ, हे झाकून ठेवूलालंय." काच बसवून घेताना एवढं एकच करा: पॅड लावायच्या आधी दार उघडं असताना आत बघा, आणि व्हॅक्यूम मारून सगळे खडे काढायला लावा.

इथवर हे वाईट कामाचं प्रकरण होतं. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी ते फसवणुकीचं आहे हे कळलं. आप्पांचा बोनस ३५ टक्क्यांवर होता, पुढे ४५ व्हायचा. नव्या कोटेशनमध्ये शून्य. शून्य होणार हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन केला. पलीकडून उत्तर आलं की ३१ हजारांच्या घरातला क्लेम मंजूर होऊन वर्कशॉपला पैसे गेले आहेत. एक काच, आणि ३१ हजार!

मग मी कंपनीला लेखी अर्ज देऊन क्लेमची फाईल मागवली. सर्व्हे रिपोर्टची (नुकसानीच्या तपासणीच्या अहवालाची) प्रत पॉलिसीधारकाने मागितली तर द्यावी लागते, हे लक्षात ठेवा. फाईलमध्ये मागचा बंपर, उजवा टेल लॅम्प, दोन पॅनेलचा रंग आणि शेवटी काच. अपघाताचं कारण "मागून अज्ञात वाहनाने धडक". बंपरचे फोटो एवढे जवळून घेतलेले की नंबर प्लेट दिसत नाही. रंग पांढराच, पण त्या बंपरला पार्किंग सेन्सरची भोकं होती. आप्पांची गाडी खालच्या व्हेरियंटची, तिला सेन्सरच नाहीत.

बिल बघितलं. बेळगावच्या गॅरेजचं नावच नाही. बिल कोल्हापूरच्या एका वर्कशॉपचं. बिलावरच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: कर्नाटकाचा २९, महाराष्ट्राचा २७. आमच्या बिलावर २७. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणीचं नाव आणि पत्ता कुणालाही बघता येतो, लॉगिन लागत नाही. मग उलगडा झाला. बेळगावातल्या गॅरेजचा विमा कंपनीशी कॅशलेसचा (कंपनीने थेट गॅरेजला पैसे देण्याचा) करारच नव्हता. ते कागद सीमेपलीकडे ज्याचा करार आहे त्याच्याकडे पाठवत होते आणि गाडी जागेवरून हलत नव्हती. आपल्या भागात हे सोपं जातं, कारण इथला माणूस गाडीच्या कामाला कोल्हापूरला जाणं कुणालाच नवल वाटत नाही, नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरलाही नाही.

पण बेळगावहून कोल्हापूरला हायवेने जायचं तर हत्तरगी आणि कोगनोळी हे दोन टोल लागतात. आप्पांच्या फास्टॅगचं स्टेटमेंट बँकेच्या ॲपवरून काढलं. बिलात गाडी कोल्हापुरात होती म्हणून दाखवलेल्या दिवसांत दोन्हीपैकी एकाही नाक्यावर पैसे कापलेले नाहीत. आमच्याकडचा सगळ्यात उपयोगी कागद हाच ठरला.

या सगळ्यात आप्पांना एकही एसएमएस का आला नाही? पॉलिसीवर मोबाईल नंबर आणि ईमेल दोन्ही एजंटचे होते. क्लेम नोंदवल्याचा, सर्व्हे झाल्याचा, पैसे मंजूर झाल्याचा प्रत्येक निरोप त्याच्याकडे गेला. मी नात्यातल्या लोकांच्या पॉलिस्या बघितल्या तर अजून एकात हेच आहे. हात जोडून सांगतो, आज घरी गेल्यावर पॉलिसीचा पहिला कागद काढा आणि त्यावर कुणाचा नंबर आहे ते बघा. आई-वडिलांच्या, सासऱ्यांच्या गाडीचीही बघा.

आता बोनसचा हिशेब, कारण "जाऊ दे, पैसे तर कंपनीचे गेले" असं म्हणणारे भेटले. समजा बोनस धरण्याआधी ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता वर्षाला ६००० आहे, आणि सोयीसाठी तो तेवढाच राहतो असं धरू. (थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या, हप्त्यावर बोनस नसतो.) क्लेम नसता तर पुढच्या वर्षी ४५ टक्के आणि नंतर ५०. क्लेममुळे शून्यापासून सुरुवात: ०, २०, २५, ३५, ४५. फरक पहिल्या वर्षी २७००, मग १८००, १५००, ९००, ३००. एकूण ७२००. २६०० च्या काचेसाठी सरळ, खरा क्लेम केला असता तरी १००० वजा जाऊन जेमतेम १६०० मिळाले असते. बोनस संरक्षणाचं ॲड-ऑन असेल किंवा फक्त काचेच्या क्लेमला सूट असेल तर गोष्ट वेगळी, पण ते आपल्या पॉलिसीत छापलेलं बघूनच ठरवायचं, गॅरेजवाल्याच्या तोंडावर नाही.

सीमाभागातलं अजून एक. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हापासून "दगडफेकीत फुटलेल्या काचेला विमा मिळत नाही" असं बरेच जण म्हणतात. सर्वसमावेशक पॉलिसीत दंगल, संप आणि जाणूनबुजून केलेलं नुकसान हे धरलेलं असतं. पोलिसांत तक्रार करा, फोटो काढा आणि दुरुस्तीआधी कंपनीला कळवा. नुसती थर्ड पार्टी असेल तर मात्र स्वतःच्या काचेचं काहीही मिळत नाही.

आप्पांना सगळ्यात जास्त लागलं ते कंपनीच्या पहिल्या उत्तराने: क्लेम पॉलिसीधारकाच्या सहीने आला आहे. ज्या माणसाने शाळेच्या खडूचाही हिशेब ठेवला, त्याला आपण चोर नाही हे पत्राने कळवावं लागलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. असं उत्तर आलं तर गप्प बसू नका. खोटा क्लेम आपल्या नावावर राहू देणं धोक्याचं आहे, कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. आम्ही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं की बंपर, लॅम्प आणि रंगाचं काम झालेलं नाही, तो मजकूर सहीनंतर भरला आहे. सोबत फास्टॅगचं स्टेटमेंट, गाडीच्या मागच्या बाजूचे फोटो, मेस्त्रीने दार उघडताना घेतलेले फोटो आणि बिलाची प्रत. त्याचबरोबर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवली. फोनवर करायची तर १५५२५५.

कंपनीने एका महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे जाता येतं. कर्नाटकासाठी ते कार्यालय बेंगळुरूला आहे. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. गॅरेजविरुद्ध ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे. बिल कोल्हापूरचं, मग खटलाही कोल्हापुरातच चालवावा लागेल का, असं आम्हालाही अनेकांनी विचारलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देता येते.

आमची तक्रार दिल्यावर एजंट घरी आला आणि १५०० रुपये टेबलावर ठेवून "मिटवून टाकूया की गुरुजी" म्हणाला. आप्पांनी पैसे घेतले, पण ते कशाचे आहेत हे लिहून त्याची सही घेतली. तो कागदही फाईलला जोडला आहे. बोनस अजून परत आलेला नाही, कंपनीची चौकशी चालू आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत बेळगाव भागात कुणी एजंटमार्फत "फुकट" काच किंवा बंपर बसवून घेतला असेल, तर नूतनीकरणाची वाट बघू नका. कंपनीच्या नंबरवर पॉलिसी क्रमांक सांगून विचारा की या पॉलिसीवर किती क्लेम नोंद आहेत, किती रुपयांचे, आणि पैसे कुठल्या वर्कशॉपला गेले.