चादरीवरची अक्षरे: चाटी गल्लीतल्या एका दुकानाविषयी

बोधचिन्हांचे आणि अक्षरांकनाचे काम करताना नवे काही सुचेनासे झाले, की मी संगणक बंद करून सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका जुन्या चादरीच्या दुकानात जाऊन बसतो. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावर विणली जाते. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडतात आणि त्या छिद्रांनुसार उभे धागे उचलले जातात, त्यामुळे जे चौकटीच्या कागदावर बसत नाही, ते कापडावरही येत नाही. काठाजवळ विणलेले उत्पादकाचे नाव जवळून पाहावे: शिरोरेषा सरळ, नेटकी जाते, पण ‘ल’ची वळणे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, आणि उलट्या बाजूला तेच अक्षर रंगांची अदलाबदल करून, आरशातल्यासारखे दिसते. या पायऱ्यांवरूनच मी अलीकडे एका खानावळीच्या पाटीची अक्षरे काढली.

दुकानदार घड्या मोडून दाखवायला कुरकुर करत नाहीत, अगदी काही न घेणाऱ्यालासुद्धा. उजेड मात्र फारच अपुरा आहे. तेथे मरून रंगाची म्हणून घेतलेली चादर घरी तपकिरी निघाली आणि बदलूनही मिळाली नाही. रंग पाहायचा असल्यास चादर दाराशी न्यावी. मोर आणि फुले आता सरावाची वाटतात. भौमितिक नक्षी मागून घ्यावी, ती वरच्या फळीवर असते.