ऑटो की केल्विन? व्हाइट बॅलन्सची नीळ कुणाच्या हाताने घालायची

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवावा की केल्विनचा आकडा स्वतः टाकावा, असं लग्नसराईच्या तोंडावर मला कुणी ना कुणी विचारतंच. व्हाइट बॅलन्स म्हणजे प्रकाश कुठलाही असला तरी पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंगांत करतो ती दुरुस्ती; ऑटोवर ती तो स्वतःच ठरवतो. मी सहा वर्षं ऑटोवर काढली आणि गेली चार वर्षं आकड्यावर आहे, म्हणजे दोन्ही घरचं मीठ खाल्लेलं आहे. धंदेवाईक फोटोग्राफर मी नाही. नात्यातली लग्नं, बारशी, मित्रांच्या मुलांच्या मुंजी, अधूनमधून एखादी जत्रा, एवढाच माझा पसारा. पुढचं सगळं त्या बेताने घ्या.

केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका प्रकाश पिवळा, मोठा तितका निळसर. मेणबत्ती 1900 केल्विनच्या आसपास आणि दुपारचं ऊन 5200 ते 5500, ते जास्त उगाळत नाही. एकच गोष्ट सांगतो, कारण तिथे जाणतेही अडखळतात. जुन्या पिवळ्या बल्बचा प्रकाश 2800 केल्विनचा, मग उन्हात कॅमेऱ्यात 2800 टाकल्यावर फोटो निळा का येतो? तर तो आकडा म्हणजे प्रकाशाबद्दल तुम्ही कॅमेऱ्याला दिलेली खबर असते. 'इथे पिवळं फार आहे' असं कळवलंत की तो बिचारा निळं ओततो. आमच्या आजीच्या बादलीतल्या निळीसारखं. धोतर पिवळट पडलेलं दिसलं की नीळ थोडी जास्त. नीळ बेतशीर पडली तर धोतर पांढरंशुभ्र, जास्त पडली तर गावभर दिसणार.

ही नीळ कॅमेऱ्याने घालायची की तुम्ही, एवढाच आपला प्रश्न.

ऑटोची बाजू

ती लंगडी नाही, हे आधी सांगून टाकतो. वरात रस्त्यावर आली की पाच मिनिटांत सोडियमचा दिवा, दुकानाची ट्यूब, बँडवाल्यांच्या डोक्यावरची रोषणाई आणि व्हिडिओवाल्याचा एलईडी असे चार प्रकाश एकापाठोपाठ अंगावर येतात. तिथे आकडा फिरवत बसलात तर नवरदेव घोड्यावरून उतरूनही जाईल. आत-बाहेर पळणाऱ्या पोरांचे फोटो, प्रवास, घरातला वाढदिवस, इथे मीही आजसुद्धा ऑटोच लावतो आणि त्याची लाज वाटत नाही.

शिवाय ऑटो आता पूर्वीइतका आडमुठा राहिलेला नाही. कॅनन आणि निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यांत 'पांढरं अगदी पांढरं कर' आणि 'दिव्यांचा उबदारपणा राहू दे' यातलं एक निवडता येतं. दिवाळीत पणत्यांच्या ओळी काढताना दुसरा पर्याय लावा. पणतीचा उजेड पांढरा करून कुणाला हवाय? 2015 साली मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले तेव्हा केवढी ओरड झाली होती. ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांना केल्विन हा शब्द माहीत असेल? पण राणीच्या हारातले मोती बदललेत हे सगळ्यांना दिसलं.

मग मी ऑटो का सोडला

जेजुरीमुळे. मावसभावाचं लग्न झालं आणि रिवाजाप्रमाणे नवं जोडपं खंडोबाच्या दर्शनाला निघालं. कॅमेरा माझ्याकडे, व्हाइट बॅलन्स ऑटोवर. सकाळी अकराचं स्वच्छ ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. वहिनीच्या अंगावर मोरपंखी पैठणी. मोरपंखी हा रंग फोटोग्राफरचा वैरी असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो निळ्या आणि हिरव्याच्या बरोबर बांधावर उभा असतो. जरासा धक्का लागला की या नाहीतर त्या शेतात पडतो.

भावाने तिला उचलून काही पायऱ्या चढायला घेतल्या तो फोटो मी खालून काढला, मागे निम्मं निळं आभाळ. मग महाद्वाराजवळ खोबरं-भंडारा उधळला. फरसबंदी पिवळी, दीपमाळ पिवळी, माणसं पिवळी. तिथे जवळून चारपाच फोटो. मग बाजूला दगडी भिंतीसमोर उन्हातच दोघांना उभं केलं. सगळं मिळून दहा मिनिटं. सूर्य तोच, साडी तीच, कॅमेरा तोच.

घरी येऊन पाहतो तर पायऱ्यांवर साडी हिरवी, भंडाऱ्यात निळी आणि भिंतीसमोर मोरपंखी.

कारण ऐकलं की सरळ वाटतं. ऑटोच्या हिशेबाचा पाया असा, की कुठल्याही चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती साधारण राखाडी यावी. आजचे कॅमेरे त्यावर आणखी बरीच हुशारी चढवतात, पण माझ्या अनुभवात मूळ खोड पूर्ण जात नाही. चौकटीत आभाळ जास्त आलं की त्याला प्रकाश निळा वाटतो आणि तो पिवळं ओततो, साडी हिरवीकडे जाते. चौकट भंडाऱ्याने भरली की त्याला वाटतं प्रकाशच पिवळा आहे, तो निळं ओततो. साडी निळी होते आणि वर भंडाराही फिका पडतो. सोन्याची जेजुरी म्हणायची आणि फोटोत तिला पिठाची कळा! धोतराला नीळ लावायला ठेवलेल्या माणसाने देवाच्या पीतांबरालाही नीळ लावावी, तसलं काम.

फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये होते, त्यामुळे 'नंतर बघू' म्हणून मी निवांत होतो. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती चिठ्ठी असते, ती हवी तेव्हा बदलता येते, हे खरंच आहे. मी तीन रात्री बसून एकेक फोटो डोळ्याने 'नीट' केला. पहिल्या रात्री दिवाणखान्यातल्या ट्यूबखाली, दुसऱ्या रात्री पलंगाशेजारच्या पिवळ्या दिव्यात. आपला डोळासुद्धा ऑटोवरच चालतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. अल्बम छापून आला. एका पानावर तीन फोटो शेजारी-शेजारी. मावशीने चष्मा वर केला आणि विचारलं, "काय रे, सूनबाईंनी मध्येच साडी बदलली होती का?"

हा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. एकेकटा फोटो पाहिला तर तिन्ही बरे होते. खटकलं ते शेजारी ठेवल्यावर. आणि लग्नाचे, सहलीचे, जत्रेचे फोटो नेहमी शेजारी-शेजारीच पाहिले जातात.

यावर जाणकार मित्र म्हणतो, "सोपं होतं की. एक फोटो नीट करायचा आणि तेच मूल्य बाकीच्यांना एकदम लावायचं." बरोबर आहे, लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दोन क्लिकचं काम आहे. पण मग शेवटी तुम्ही एकच केल्विन ठरवताच की! फक्त तिथे उन्हात उभं राहून ठरवण्याऐवजी आठवड्याने, रात्री अकरा वाजता, आठवणीवरून ठरवता. रॉ तुम्हाला मोकळीक देतं, पण खरा रंग कोणता होता ते सांगत नाही.

दुसरी अडचण त्याहून चिवट आहे. लग्नात प्रकाश खरोखरच बदलतो. सकाळी अंगणात सावली, मग कार्यालयात ट्यूब, बोहल्यावर फोकस. हजार-बाराशे फोटोंतून एका प्रकाशातले फोटो वेगळे काढायचे तर ऑटोने रंगांची आधीच सरमिसळ केलेली असते. हा फोटो निळसर का आहे? प्रकाश बदलला म्हणून, की नवरीच्या हळदीने कॅमेरा बहकला म्हणून? कळायला मार्ग नाही. आकडा कायम ठेवला की रंग बदललेला दिसला तिथे प्रकाशच बदललेला असतो, दुसरं कारण उरत नाही. मला केल्विन आवडायचं खरं कारण हेच. आकडा चुकला तरी सगळीकडे सारखाच चुकतो, आणि सारखी चूक एका फटक्यात निस्तरता येते.

आकड्याची बाजू, आणि त्याचा जाच

माझे आकडे सांगतो, पण ते माझ्या कॅमेऱ्याचे आणि माझ्या डोळ्याचे आहेत. उन्हात 5200. ढगाळ दिवसाला 6200. घराच्या किंवा झाडाच्या सावलीत 7000 ते 7500. आपल्याकडच्या पांढऱ्या ट्यूब आणि एलईडी बहुतेक 6500च्या असतात, तिथे 6000वर ठेवतो, चेहरे जरा थंड आले तरी चालतात. पिवळ्या फोकसखाली 3200. एवढे पाच आकडे पाठ झाले की काम भागतं.

तंतोतंत आकड्याचा ध्यास मात्र घेऊ नका. 2800 आणि 3000 यांतला फरक साध्या डोळ्याला कळतो. 6000 आणि 6200 यांतला कळत नाही. अंतर दोन्हीकडे 200च, पण दृश्य फरक केल्विनच्या व्यस्तांकांत (1 भागिले आकडा) मोजावा लागतो, आणि त्या हिशेबाने खालचा फरक वरच्याच्या चौपटीहून जास्त भरतो. म्हणून दिव्यांखाली काळजीपूर्वक, उन्हा-सावलीत सैल हाताने.

आता जाच. विसरणं हा पहिला. कार्यालयात 3200 लावून दिवसभर फोटो काढले आणि पाठवणीला तसाच बाहेर आलो. नवरी रडतेय, आई रडतेय आणि सगळे जण निळे. रॉ होतं म्हणून वाचलो. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के करून दिलेल्या तयार फाइलमध्ये, हीच चूक झाली असती तर लाल रंगाची माहिती बरीचशी गेलीच असती, मागाहून कितीही ओढलं तरी कातडीचा रंग धड येत नाही. तेव्हा फक्त जेपेग काढणाऱ्या विसराळू माणसाने ऑटोवरच राहावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. जेपेग काढणारा पण विसराळू नसलेला माणूस मात्र केल्विनने सगळ्यात जास्त कमावतो, कारण त्याचं मागाहून करायचं काम जवळजवळ संपतंच.

दुसरं, केल्विन फक्त निळ्या-पिवळ्याच्या रेषेवर चालतो. हिरवा-गुलाबी हा निराळा धागा आहे, त्याला टिंट म्हणतात. स्वस्तातल्या एलईडीखाली चेहऱ्यावर येणारी हिरवट झाक केल्विन कितीही फिरवला तरी जात नाही. गुलाबी कापडाच्या मांडवात तेच उलट दिशेने. ऑटो इथे निदान प्रयत्न तरी करतो, हे मान्य करायला हवं.

आणि चोकवाल्या जुन्या ट्यूब. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते, त्यात तिचा रंगही थोडा हलतो. शटर 1/250 सेकंदावर ठेवलंत तर प्रत्येक फोटोच्या वाट्याला त्या उघडझापीचा वेगळा तुकडा येतो. आकडा कायम असूनही फोटो रंग बदलतात आणि तुम्ही उगाच केल्विनला शिव्या घालता. शटर 1/100 किंवा 1/50वर आणा, बरंचसं शांत होतं.

ग्रे कार्ड

तिसरा पर्याय म्हणून हा राखाडी पुठ्ठा नेहमी पुढे येतो; त्याचा फोटो काढून 'हाच खरा राखाडी' असं कॅमेऱ्याला सांगायचं. अचूकतेत तोच पहिला, वाद नाही. गुलाबी मांडवात मीही तेच काढतो, कारण तो दोन्ही धागे एकदम सरळ करतो. पण हळदीच्या धामधुमीत नवरीच्या तोंडासमोर राखाडी पुठ्ठा धरायला काळीज लागतं. एकदा एका आजीबाईंनी तो पुठ्ठा पंखा समजून माझ्या हातातून घेतला आणि वारा घालत बसल्या. कार्ड नाही म्हणून ए-फोर कागद वापरायची युक्ती बरेच जण सांगतात. ती करू नका. छपाईचा कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात असं द्रव्य घातलेलं असतं, की अतिनील प्रकाश पडला की ते निळसर चमकतं. तीही एक नीळच. कॅमेरा त्या निळीला खरं मानतो आणि उन्हातला अख्खा संच पिवळट करून ठेवतो.

तुम्ही काय करावं

वर्षाकाठी दोनतीनशे फोटो, तेही फोनवर पाहून विसरायचे, तर ऑटो पुरेसा आहे, उगाच डोक्याला ताप नको. व्हिडिओ काढत असाल तर विचारूच नका, आकडा बांधा. चालू चित्रणात ऑटो सरकला की भिंतीचा रंग डोळ्यादेखत पालटतो आणि ते दुरुस्त करणं फार किचकट. मधल्या लोकांनी, म्हणजे रॉ काढणाऱ्या आणि एका कार्यक्रमाचे फोटो एकत्र पाहणाऱ्या-दाखवणाऱ्यांनी, एक लग्न केल्विनवर काढून पाहावं. पहिल्या दिवशी चिडचिड होईल, घरी संगणकासमोर बसाल तेव्हा बहुधा माझी आठवण काढाल. नाही पटलं तर बटण एका टिचकीवर आहे, परत ऑटोवर जा.

तुमच्या कॅमेऱ्यात केल्विनचा आकडा टाकायची सोयच नसेल, आणि सुरुवातीच्या काही मॉडेल्समध्ये ती नसते, तर सूर्याचं चिन्ह लावून ठेवा. कॅनन आणि निकॉन दोन्हींत ते 5200च्या आसपास असतं. जेजुरीला त्या दिवशी मला तेवढंच पुरलं असतं.